सोरायसिस: डॉक्टरांच्या औषधासोबत तुम्ही अजून काय काय करता?

खिडकीतली_तुळस
नमस्कार मंडळी. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितेच. वय 41, राहणार चेंबूर, सोरायसिस नऊ वर्षं. कोपरं, गुडघे, डोकं आणि आता पाठीवर कमरेच्या जरा वर तळहाताएवढा एक चट्टा. सकाळी उठल्यावर पहिलं काम चादर गॅलरीत नेऊन झटकणं, आणि घराबाहेर पडायच्या आधी खांद्यांवरून हात फिरवणं. काळा कुर्ता घालून किती वर्षं झाली आठवत नाही. मेथोट्रेक्सेट (खवळलेली प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू आहे आठवड्यातून एकदा, बाकी फॉलिक अ‍ॅसिड आणि मलम. बऱ्यापैकी आटोक्यात असतं, मग मुलाची दहावी, कोणाचं आजारपण, असं काही आलं की परत उसळतं.

गेल्या रविवारी मावससासूबाई आल्या होत्या. त्यांनी एक बाटली आणली, कुठल्याशा वैद्यांकडची, आत तपकिरी गोळ्या. म्हणाल्या, त्या इंग्रजी गोळ्यांनी लिव्हर जातं, बंद कर आणि या तीन महिने घे, मुळापासून जाईल. नवराही म्हणाला बघूया की करून. त्या मायेनेच म्हणतात हो, त्यात शंका नाही. बाटली फ्रीजवर ठेवलीय, घेतलीही नाही आणि टाकवतही नाही.

माझा प्रश्न असा की चालू औषध बंद न करता सोबत करण्यासारखं काय आहे? आयुर्वेद, होमिओपॅथी, योग, आहार, तेलं, काहीही. कोणाला खरंच गुण आला, किती दिवसांनी, आणि काय अंगाशी आलं? 'ओळखीतल्या एकाला' वगैरे नको, स्वतःचं किंवा घरातलं सांगा प्लीज.

पाऊलवाट
वाचतेय. भावाला आहे.

शिवाजीपार्कवाला
ताई, ती बाटली उघडू नका, आधी माझं ऐका.

मला 2011 पासून आहे. 2016 ला वैतागून मी ठाण्यापलीकडे एका माणसाकडे गेलो, वैद्य म्हणवत होता, बोर्डावर डिग्री वगैरे काही नव्हती. कागदाच्या पुड्यांत पांढरी पावडर, रोज दोन, मधातून. पंधरा दिवसांत अंग असं स्वच्छ झालं की मी अर्ध्या बाह्यांचे चार शर्ट घेतले रानडे रोडवरून. बायकोने पेढे वाटले. चार महिने घेतलं, चेहरा गोल व्हायला लागला, लोक म्हणाले तब्येत सुधारली. मग तो माणूस गाशा गुंडाळून गायब, पुड्या बंद. तिसऱ्या आठवड्यात डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, एक बोट टेकवायला जागा नाही, अंगातून नुसत्या वाफा आणि मे महिन्यात मी थंडीने कुडकुडतोय. अकरा दिवस अ‍ॅडमिट होतो. डॉक्टर म्हणाले की पुडीत स्टिरॉइड असणार, अचानक तुटल्यावर असंच होतं. आधी माझे फक्त दोन्ही कोपरांवर चट्टे होते हो. दोन कोपरांसाठी मी जिवावर बेतून घेतलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, सगळे वैद्य एकाच माळेचे मणी.

गोडगोळी
शिवाजीपार्कवाले, वाईट झालं तुमच्या बाबतीत, पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. मी तीन वर्षं होमिओपॅथी घेतेय, कांदिवलीत. मला पहिले सहा महिने काही फरक नव्हता, नंतर खाज कमी झाली. धीर धरावा लागतो.

ओपीडीतला
मी त्वचारोगतज्ज्ञ, पालिकेच्या हॉस्पिटलात. इथे कोणाला औषध लिहून देणार नाही, पण थोडं सांगतो.

त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळायला साधारण 28 दिवस लागतात. सोरायसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती चुकीचा इशारा देत राहते आणि हाच प्रवास तीन-चार दिवसांत होतो, म्हणून थरावर थर साचून ते चंदेरी खवले. रक्त खराब, अंगात उष्णता, अस्वच्छता, स्पर्शाने लागतं, यातलं काहीही नाही. आणि तो आपणहून कमीजास्त होतो, हे फार महत्त्वाचं. माणूस नवीन उपाय कधी शोधतो? जेव्हा सगळ्यात जास्त उसळलेलं असतं. तिथून ते खाली येणारच असतं आणि त्या वेळी जे हातात असतं त्याला श्रेय मिळतं. गोडगोळी ताई, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंद आहे, पण होमिओपॅथीने सोरायसिस जातो असा खात्रीचा पुरावा नाही. चट्टे थोडे असतील आणि चालू औषध सोडलं नसेल तर त्या गोळ्यांनी बिघडत नाही. सोडलं की बिघडतं.

शिवाजीपार्कवाल्यांना झालं त्याला एरिथ्रोडर्मा म्हणतात. तोंडी स्टिरॉइड एकदम थांबवल्यावर होणारी ही ओळखीची गोष्ट आहे, आणि असे पेशंट आम्ही अजूनही बघतो.

धागाकर्तीला: मेथोट्रेक्सेटचा लिव्हरवर परिणाम होऊ शकतो हे मावससासूबाईंचं म्हणणं चूक नाही. म्हणूनच तर ठरावीक काळाने रक्त तपासतात, दारू बंद करायला सांगतात. पण बाटलीतल्या गोळ्या लिव्हरला चुकवून जातात असं कोणी सांगितलं? 2020 च्या अखेरीस मुंबईतल्याच डॉक्टरांना लिव्हरला इजा झालेले 6 पेशंट सापडले, सगळ्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती, 2021 ला ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, ते सगळं खरं. पण मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने 'इम्युनिटी वाढवणारं' काहीही आपल्या मनाने घेऊ नये. इथे मुळात प्रतिकारशक्तीच जास्त खवळलेली आहे.

मंगळवार_पक्का
मेथोट्रेक्सेटवाल्यांनो, वार ठरवा आणि कॅलेंडरवर गोल करा. माझ्या वडिलांनी गोंधळून ओळीने चार दिवस रोज घेतली, तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळता येईना. आठवड्याची गोळी म्हणजे आठवड्याचीच. आता आमच्याकडे मंगळवार म्हणजे गणपती आणि गोळी.

बृहत्त्रयी
मी वैद्य, कायचिकित्सेत एमडी, प्रॅक्टिस डोंबिवलीला. 'एकाच माळेचे मणी' वाचून वाईट वाटलं, पण पुड्यांची हकिकत वाचून राग आला तो त्या माणसाचा आला, तुमचा नाही. बिनलेबलची पुडी हा आयुर्वेद नव्हे.

चरकसंहितेत 18 कुष्ठं सांगितली आहेत, 7 महाकुष्ठं आणि 11 क्षुद्रकुष्ठं. त्यातल्या एककुष्ठाचं वर्णन माशाच्या खवल्यांसारखं, घाम न येणारं, मोठी जागा व्यापणारं असं आहे. सोरायसिसचा पेशंट आला की आम्ही बहुधा एककुष्ठ किंवा किटिभ यांचा विचार करतो. (कुष्ठ म्हटलं की घरचे घाबरतात, म्हणून सांगते, ग्रंथातला कुष्ठ शब्द सगळ्या त्वचारोगांना मिळून आहे, महारोग एवढाच त्याचा अर्थ नाही.) उपचारात आधी स्नेहपान, तूप वाढत्या मात्रेत, मग वमन (औषधाने उलटी करवणं) किंवा विरेचन (जुलाब करवणं), नंतर पोटातली औषधं, वरून करंज तेल वगैरे. ताणाने उसळत असेल तर तक्रधारा, म्हणजे कपाळावर औषधी ताकाची धार. विरुद्धाहार टाळायला सांगते, दूध आणि मासे हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण.

माझा अनुभव: खाज, कोरडेपणा आणि झोप यात पेशंटला बरं वाटतं, काहींचे चट्टे महिनोन्महिने शांत राहतात, काहींना काहीच फरक पडत नाही. 'मुळापासून' हा शब्द मी कधीच वापरत नाही. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या बाईला मी तिच्या स्किनच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वमन-विरेचन देत नाही, आणि तिची गोळी कधीच बंद करत नाही, तो माझा अधिकार नाही.

अजून एक, बावची. यूट्यूबवर बघून लोक बावचीचं तेल लावून गच्चीवर बसतात. त्यात सोरालेन असतं, ते कातडीला उन्हासाठी हळवं करतं. गेल्या एप्रिलमध्ये एक मुलगा आला होता, दोन्ही पोटऱ्यांवर लिंबाएवढे फोड. सोरायसिस राहिला बाजूला, महिनाभर भाजल्याचं ड्रेसिंग चाललं.

ओपीडीतला
बृहत्त्रयी, पूर्ण अनुमोदन. गंमत म्हणजे आमची पूव्हा ट्रीटमेंट त्याच तत्त्वावर आहे, सोरालेनची गोळी आणि मोजून दिलेला यूव्हीए (अतिनील) प्रकाश, 1974 पासून सोरायसिससाठी वापरतात. फरक सगळा मोजण्यात आहे. आता बहुतेक ठिकाणी नॅरोबँड यूव्हीबी देतात, 311 नॅनोमीटरच्या आसपास, त्यात सोरालेन लागतच नाही. आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं.

शिवाजीपार्कवाला
वैद्यबाई, शब्द मागे घेतो. तुमच्यासारखं कोणी 2016 ला भेटलं असतं तर.

लोकल_अंबरनाथ
मी नॅरोबँड घेतलं, दोन-अडीच महिने आठवड्यातून तीनदा. पाय जवळजवळ साफ झाले. पण कळीचा मुद्दा सांगू का, तीन मिनिटं मशीनमध्ये उभं राहायला मी अंबरनाथहून परळला यायचो, 8.12 ची गाडी, अर्धा दिवस खाडा. साहेब चांगला म्हणून निभावलं. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे स्किनची ओपीडी आहे, खिशाला झेपतं, फक्त सकाळी लवकर नंबर लावा आणि प्रकाशाचे उपचार कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून घ्या.

वसईची_वांगी
आम्ही दरवर्षी वज्रेश्वरीला जायचो, अकलोलीच्या कुंडांवर. आजी म्हणायची गंधकाचं पाणी, सगळे त्वचेचे रोग जातात. मला अंघोळीनंतर दोन दिवस खवले मऊ वाटायचे एवढं खरं.

मीठभाकर
वसईची, पाणी गरम, त्यात वरून आपण घासतो. मी अकलोलीला दगडाने खवले घासून काढले होते, काय हलकं वाटलं तेव्हा! दहा-बारा दिवसांनी जिथे जिथे खरचटलं होतं तिथे नवीन चट्टे, अगदी रेघेत. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, कशाने घासलंत?

ओपीडीतला
याला कोबनर म्हणतात, त्या डॉक्टरांच्या नावावरून. जखमेच्या जागी सोरायसिस उगवतो. घासणं, खाजवणं, टॅटू, घट्ट नाडी, उन्हाने भाजणं, सगळं त्यात आलं. खवले काढायचे नाहीत, मऊ करून आपणहून पडू द्यायचे.

तरंग
घट्ट नाडी!! धागाकर्ती, कमरेवरचा चट्टा बघा बरं नाडीच्या रेषेत आहे का.

खिडकीतली_तुळस
तरंग, आत्ता आरशात बघून आले. बरोब्बर नाडीच्या वर आहे. नऊ वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

मासेखाऊ_मालवणी
अवांतर: मॉलमध्ये ते मासे पाय कुरतडतात ना, तुर्कस्तानात कांगाल नावाच्या गावी त्याच जातीच्या माशांकडून सोरायसिसवाल्यांचे खवले काढून घेतात म्हणे. आमच्या घरात मासे आपल्याला खातात ही कल्पनाच कोणाला सहन होईना. आईने बांगडा तळून प्रश्न मिटवला.

बृहत्त्रयी
मालवणी, कांगालचं खरं आहे, पण तिथे झऱ्याचं वाहतं पाणी आणि कडक ऊनही असतं. मॉलमधल्या टाकीत आधी कोणाकोणाचे पाय गेलेत माहीत नसतं, भेगाळलेली त्वचा घेऊन तिथे बसू नका.

जुहूकर
तसंच मृत समुद्राचं. लोक तिथे राहून बरे होऊन येतात, मग आपण जुहूला डुंबायला काय हरकत, असं मला एकाने सुचवलं होतं.

ओपीडीतला
मृत समुद्र समुद्रसपाटीच्या 400 मीटरहून जास्त खाली आहे, तिथे हवेचा थर जाड, भाजणारे किरण बरेच गाळले जातात, म्हणून लोक तासन् तास उन्हात बसू शकतात. खारटपणाही अफाट. जुहूला यातलं काही नाही आणि नाल्याचं पाणी मात्र आहे. आणि सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात यूव्हीबी फारच कमी असतं, बसा, मन प्रसन्न होईल, पण उपचार म्हणून नको. दुपारी बाराला उघडं बसणं तर मुळीच नको.

पोटावर_पाय
आहाराबद्दल कोणी बोललंच नाही. मी गहू सोडला, टोमॅटो सोडला, वांगं सोडलं, आंबट सोडलं, दूध सोडलं, शेवटी भात आणि दुधी उरला, आणि चट्टे जागच्या जागी. बायको म्हणाली तू जेवताना इतका दुःखी दिसतोस की त्यानेच वाढत असेल. मग एका आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं परत चालू केलं, फक्त वजन उतरवा म्हणाल्या. 94 चं 83 केलं, संध्याकाळचं फरसाण बंद आणि पाच गार्डनला चक्कर. आठ महिने लागले. मलम अर्ध्यावर आलंय. माझ्यापुरतं सांगतो, पैसे न घालवता सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर याने.

ओपीडीतला
याला भक्कम पुरावा आहे. वजन जास्त असेल तर उतरवल्याने चट्टे कमी होतात आणि औषधंही जास्त लागू पडतात. सिगरेट आणि दारू दोन्ही वाईट. गहू फक्त त्यांनीच सोडावा ज्यांच्या तपासणीत गव्हाने आतड्यांना इजा करणारा सीलिअ‍ॅक निघालाय. हळद जेवणात जरूर खा, पण तोंडाने घेतलेली हळद रक्तात फारच कमी उतरते, म्हणून हळद-दुधावर चट्टे जातील असं समजू नका.

पाऊलवाट
भावाचं लिहायचं होतं. त्याचं औषध, मलम सगळं व्यवस्थित आहे, त्याला त्रास लोकांचा आहे. सलूनवाल्याने खुर्चीवरून उठवलं, म्हणाला गिऱ्हाईक बोंबलतात. तेव्हापासून मीच त्याचे केस कापते, बाथरूममध्ये स्टूल टाकून, तीन वर्षं झाली. परवा त्याच्या लग्नाचं बोलणं चालू होतं, मुलीकडच्यांना आधी सांगायचं की नाही यावरून घरात महाभारत. तो आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होता. मला कळत नाही त्याला काय सांगू.

कुर्ला_टर्मिनस
पाऊलवाट, आधी सांगा. मी सांगितलं होतं, दोन ठिकाणाहून नकार आला, तिसरीने विचारलं 'दुखतं का?' आम्हाला आता दोन मुली आहेत. पहिल्या दोघांचे आभारच मानतो.

श्वास_मोजते
ताणाने उसळतं म्हणालीस ना तुळस, त्यावर. ध्यानावर संशोधन करणारे अमेरिकेतले जॉन कबाट-झिन यांचा 1998 चा एक अभ्यास आहे, 37 पेशंट, सगळ्यांना प्रकाशाचे उपचार, त्यातल्या काहींना उपचार चालू असताना ध्यानाची टेप ऐकवली. टेप ऐकणाऱ्यांचे चट्टे लवकर साफ झाले. अभ्यास लहान आहे, पण बघ, ध्यान उपचाराच्या जागी नव्हतं, उपचाराच्या सोबत होतं. मी रोज रात्री वीस मिनिटं शवासन करते. चट्टे त्याने गेले असं मी म्हणणार नाही, पण रात्री झोपेत खाजवून रक्त काढायचे ते थांबलं. चादरीवरचे लाल ठिपके गेले, माझ्यासाठी ते खूप आहे.

नारळाची_वाडी
तेल, तेल, तेल. महागडं काही नको. अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन. आमच्या शेजारचे तमिळ काका काळ्या कुड्याची पानं खोबरेलात बुडवून बाटली उन्हात ठेवतात, तेलाला जांभळट रंग चढतो, त्यांच्या सिद्ध वैद्यकात सोरायसिसला तेच देतात. मी डोक्याला रात्री लावते आणि जुनी ओढणी गुंडाळते, सकाळी कोंड्याचा थर मऊ होऊन निघतो, मग डॉक्टरांनी दिलेला टारचा (डांबराचा) शाम्पू. तेल आणि टार दोन्ही लागतात मला, नुसत्या एकाने नाही भागत.

बृहत्त्रयी
कुड्याच्या तेलाचा वापर योग्यच आहे. फक्त आधी मनगटाच्या आत दोन दिवस लावून बघा, कोणतंही वनस्पतीचं तेल कोणालातरी झोंबतंच.

हाडाची_शिक्षिका
उशिरा येतेय पण महत्त्वाचं आहे म्हणून. मला आधी नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले. मग सकाळी बोटं आखडायची, खडू धरताना कळ यायची. मी संधिवात समजून सव्वा वर्षं नुसती तेलं चोळली, महानारायण, निर्गुंडी, शेक. बरं वाटायचं तेवढ्यापुरतं. शेवटी कळलं सोरायसिसचाच सांध्यांचा प्रकार आहे, तोवर उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर वाकडं झालं ते कायमचं. तेलाला दोष देत नाही, तेलाने मला आराम दिला, पण त्या आरामात मी वेळ घालवला. ज्यांना चट्टे आहेत आणि सकाळी सांधे आखडतात त्यांनी या आठवड्यात डॉक्टरांना सांगा.

ओपीडीतला
शिक्षिकाबाई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सोरायसिसच्या पेशंटपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होऊ शकतो. प्रत्येकाने नखं आणि बोटं बघा.

मीठभाकर
आणि ती फ्रीजवरची बाटली? तुळस कुठे गेली?

गोडगोळी
मी पण विचारणार होते. आणि ओपीडीतले डॉक्टर, तुमचं लिहिणं पटलं नाही पूर्ण, पण काल मी माझ्या स्किनच्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितलं की मी या गोळ्या घेते. ओरडतील वाटलं होतं. फाइलवर लिहून घेतलं आणि पुढचं विचारायला लागले.

खिडकीतली_तुळस
आले आले. तीन आठवडे झाले, एकेकाला उत्तर देऊ शकले नाही पण सगळं दोनदा वाचलंय, नवऱ्यालाही वाचायला लावलं. शिवाजीपार्कवाल्यांची पोस्ट वाचून तो काही बोलला नाही, उठून बाटली खाली घेतली आणि लेबल शोधत बसला. ना घटक, ना बॅच नंबर, ना तारीख. मी ती माझ्या डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले आत काय आहे हे बघून सांगता येणार नाही, शिसं-पारा असू शकतं, स्टिरॉइड असू शकतं, काहीच नसूही शकतं, पण मेथोट्रेक्सेटसोबत अजिबात नको. नाडीचे कपडे बदलले, आता इलास्टिक पण सैल. बृहत्त्रयींना व्यनि केला होता, त्यांनी डोंबिवलीला बोलावण्याऐवजी वरळीला पोदार आयुर्वेद हॉस्पिटलमध्ये दाखव, तुला जवळ पडेल असं सांगितलं, पुढच्या गुरुवारी जातेय, रक्ताचे रिपोर्ट घेऊन.

काल मावससासूबाई परत आल्या. मला टेन्शन होतं, गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून दुखावतील. मी सरळ सांगितलं की मावशी, गोळ्या नाही घेता येणार, पण पाठीवर माझा हात पोचत नाही, तुम्ही तेल लावून द्याल का. त्या दोन मिनिटं गप्प. मग पदर खोचला, खोबरेलाची वाटी कोमट करून आणली आणि पलंगावर माझ्यामागे बसल्या. नऊ वर्षांत त्या चट्ट्याला माझ्याशिवाय आणि डॉक्टरांशिवाय कोणी हात लावला नव्हता. आधी बोटाच्या टोकाने, मग अख्ख्या तळव्याने. म्हणाल्या, 'किती खरखरीत गं, सांगायचंस ना आधी.' आता दर रविवारी येणार आहेत, सायनहून, बसने.

नारळाची_वाडी
तुळस, तेलाच्या दिवशी जुनी सुती चादर आणि जुनाच गाऊन. आणि मावशींना सांग, चोळायचं नाही, नुसतं जिरवायचं.